उबेचे मोजमाप करणारा काउंट

थंडी पडू लागली की घराघरांत गोधड्या, रजया आणि स्वेटर कपाटातून बाहेर निघतात. एक दिवस उन्हात पडतात आणि मग अंगावर येतात. ‘हा स्वेटर फार गरम आहे’ किंवा ‘या गोधडीत ऊबच नाही’ असे आपण सहज बोलून जातो. पण स्वेटरला स्वतःची उष्णता नसते. रिकाम्या खोलीत रात्रभर टांगलेला स्वेटर सकाळी खोलीइतकाच थंड असतो. बर्फवाला लादी गोणपाटात गुंडाळतो आणि वर लाकडाचा भुसा टाकतो, तो काही बर्फाला ऊब मिळावी म्हणून नव्हे. माणसाच्या अंगातली उष्णता बाहेर जाऊ न देणारी वस्तूच बाहेरची उष्णता बर्फापर्यंत पोहोचू देत नाही. वस्तू ‘गरम’ नसते. ती उष्णतेची वाट अडवते, एवढेच.

मग कोणती वस्तू ही वाट किती अडवते? लोकर जास्त की कापूस? रेशीम जास्त की पिसे? हा प्रश्न माणूस हजारो वर्षे अनुभवाने सोडवत आला होता. थर्मामीटर आणि घड्याळ समोर ठेवून त्याचे पद्धतशीर उत्तर शोधणाऱ्या पहिल्या काही माणसांत एक नाव ठळक आहे : बेंजामिन थॉम्पसन, अर्थात काउंट रम्फर्ड. अमेरिकेत जन्मलेला, इंग्लंडमध्ये ‘सर’ झालेला, जर्मनीत काउंट झालेला आणि फ्रान्समध्ये मरण पावलेला हा माणूस विज्ञानाच्या इतिहासातील सर्वांत कर्तबगार आणि सर्वांत न आवडणाऱ्या माणसांपैकी एक आहे.

दुकानातला उमेदवार

थॉम्पसनचा जन्म २६ मार्च १७५३ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत, वोबर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. तो दोन वर्षांचा होण्याआधीच वडील गेले. तेराव्या वर्षी त्याला सेलम येथील एका व्यापाऱ्याच्या दुकानात उमेदवारीला ठेवण्यात आले. गिऱ्हाइकांपेक्षा यंत्रे, गणित आणि रसायने यांतच त्याचे लक्ष अधिक. आतषबाजीची दारू तयार करताना स्फोट होऊन तो चांगलाच भाजला होता. पुढे बोस्टनमध्ये कापडाच्या दुकानात काम, मग एका डॉक्टरकडे वैद्यकाचे थोडे शिक्षण, आणि मधल्या काळात एका मित्राबरोबर पायी जाऊन हार्वर्ड महाविद्यालयात ऐकलेली विज्ञानाची व्याख्याने, एवढीच त्याची शिदोरी होती. रीतसर पदवी त्याने कधीच घेतली नाही.

एकोणिसाव्या वर्षी न्यू हॅम्पशायरमधील काँकर्ड या गावी तो शिक्षक म्हणून गेला. या गावाचे जुने नाव रम्फर्ड. तिथे त्याच वर्षी, म्हणजे १७७२ मध्ये, त्याने आपल्यापेक्षा वयाने बरीच मोठी असलेल्या एका श्रीमंत विधवेशी, सेरा रोल्फ यांच्याशी, लग्न केले. उंचापुरा, देखणा आणि बोलण्यात चतुर असा हा तरुण एका रात्रीत जमीनदार झाला. गव्हर्नरशी ओळख झाली आणि सैन्यातला काहीही अनुभव नसताना त्याला स्थानिक पलटणीत थेट मेजरचा हुद्दा मिळाला. इतर अधिकाऱ्यांच्या मनात त्याच्याविषयी राग साठला तो तेव्हापासून.

अमेरिकन वसाहती ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठल्या तेव्हा थॉम्पसन राजाच्या बाजूने राहिला. तो उघडपणे इंग्रजांकडे गेला नाही, तर गुप्त शाईने पत्रे लिहून त्यांना बातम्या पुरवू लागला. गावकऱ्यांना संशय आला आणि जमाव घरावर चालून येण्याची वेळ आली, तेव्हा तो बायको आणि तान्ह्या मुलीला मागे टाकून निसटला. मार्च १७७६ मध्ये इंग्रजांनी बोस्टन सोडले तेव्हा तोही लंडनला निघून गेला. बायकोला तो पुन्हा कधीच भेटला नाही. ती १७९२ मध्ये वारली. मुलीची भेट झाली ती वीस वर्षांनी.

लंडनमध्ये वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्याची मर्जी त्याने संपादन केली आणि तो सरकारी खात्यात झपाट्याने वर चढला. बंदुकीच्या दारूवरील प्रयोगांमुळे १७७९ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. या प्रयोगांत एक विचित्र गोष्ट त्याच्या नजरेत भरली होती. गोळी न भरता नुसती दारू उडवली, तर बंदुकीची नळी गोळी भरून उडवल्यापेक्षा जास्त तापते. उष्णता म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्याच्या मनात तिथून घर करून राहिला.

युद्धाच्या अखेरीस तो सैन्य घेऊन पुन्हा अमेरिकेत गेला. लाँग आयलंडवरील हंटिंग्टन गावात त्याने गावच्या स्मशानभूमीत किल्ला बांधला, चर्चचे लाकूड उपसले आणि थडग्यांचे दगड सैनिकांच्या पावभट्ट्यांना वापरले. त्या गावाने ते कधी विसरले नाही. १७८४ मध्ये इंग्लंडच्या राजाने त्याला ‘सर’ केले आणि त्याच सुमारास तो बव्हेरियाच्या राज्यकर्त्याच्या, इलेक्टर कार्ल थिओडोर याच्या, चाकरीत म्युनिकला गेला.

गणवेशाचा प्रश्न

बव्हेरियाचे सैन्य तेव्हा हलाखीत होते. सैनिकांना पगार अपुरा, अन्न वाईट आणि कपडे त्याहून वाईट. थॉम्पसनकडे सैन्य सुधारण्याचे काम आले. गणवेश कशाचा करावा, हा पहिल्या प्रश्नांपैकी एक. कापड स्वस्त हवे, टिकाऊ हवे आणि थंडीत जीव वाचवणारे हवे. दुकानदार सांगेल त्यावर विश्वास ठेवण्याचा थॉम्पसनचा स्वभाव नव्हता. त्याने स्वतःच मोजायचे ठरवले.

त्यासाठी त्याने बनवलेले उपकरण अगदी साधे होते. एक पाऱ्याचा थर्मामीटर घ्यायचा. त्याचा फुगा काचेच्या एका मोठ्या पोकळ गोळ्याच्या बरोबर मध्यभागी येईल असा बसवायचा. बाहेरच्या गोळ्याचा व्यास सुमारे ४ सेंटिमीटर. आतला फुगा आणि बाहेरची काच यांच्यामधल्या मोकळ्या जागेत ज्या वस्तूची परीक्षा करायची ती भरायची. मग हे सगळे उकळत्या पाण्यात धरून तापवायचे आणि लगेच वितळत्या बर्फाच्या पाण्यात बुडवायचे. थर्मामीटरचा पारा ठरावीक वरच्या खुणेपासून ठरावीक खालच्या खुणेपर्यंत उतरायला किती सेकंद लागतात, ते घड्याळावर मोजायचे. त्याच्या थर्मामीटरवर रेओम्यूर अंश होते. आजच्या हिशेबात ही उतरण ८७.५ अंश सेल्सिअसपासून १२.५ अंशांपर्यंतची.

या रचनेतली खरी हुशारी तुलनेत आहे. थर्मामीटर तोच, गोळा तोच, गरम पाणी आणि बर्फ तेच. प्रत्येक वेळी भरायच्या वस्तूचे वजनही तेच, १६ ग्रेन, म्हणजे साधारण एक ग्रॅम. बदलायचे ते एकच, आतली वस्तू. त्यामुळे वेळेत जो फरक पडेल तो त्या वस्तूमुळेच पडला असे खात्रीने म्हणता येते. आज शाळेत ‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ असे शिकवतात, तेच हे.

आकडे असे आले. आत काहीच न भरता नुसती हवा ठेवली, तेव्हा पारा ५७६ सेकंदांत खाली आला, म्हणजे दहा मिनिटेही लागली नाहीत. कापूस भरल्यावर १०४६ सेकंद लागले. मेंढीची लोकर १११८. कच्चे रेशीम १२८४. बीव्हर या प्राण्याची लव १२९६. आयडर बदकाची मऊ पिसे १३०५. आणि सशाची लव १३१५ सेकंद, म्हणजे जवळजवळ २२ मिनिटे. एक ग्रॅम लव काय ती! पण तिने उष्णता निसटण्याचा वेळ दुपटीहून अधिक वाढवला.

ऊब नेमकी कशात?

दुसरा कोणी असता तर ही यादी छापून थांबला असता. थॉम्पसनने पुढचा प्रश्न विचारला. रेशमाचा एक ग्रॅम त्या गोळ्यातली किती जागा व्यापतो? हिशेब केल्यावर दिसले की जेमतेम पन्नासावा हिस्सा. बाकी सगळी जागा हवेचीच होती. मग गोळ्यात नुसती हवा असताना पारा भरभर उतरतो, आणि त्याच हवेत चिमूटभर तंतू टाकले की एवढा हळू का उतरतो?

त्याने ताडून पाहण्यासाठी आणखी प्रयोग केले. तेच रेशीम, पण मोकळे कच्चे न घेता पिळाचा शिवणाचा दोरा करून तुकडे भरले. वजन तेच, तरी वेळ कमी झाला, ९१७ सेकंद. म्हणजे पदार्थ रेशीम आहे एवढ्याने भागत नाही. तो किती बारीक आणि किती विखुरलेला आहे याला महत्त्व आहे. मग त्याने आयडरची पिसे त्याच जागेत दुप्पट आणि चौपट भरली. वेळ १३०५ वरून १४७२ आणि पुढे १६१५ सेकंदांवर गेला. पिसे चौपट झाली, पण वेळ चौपट झाला नाही. तो जेमतेम चौथाईने वाढला. ऊब वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, हे त्यातून दिसले.

यातून त्याने काढलेला निष्कर्ष आजही टिकून आहे. ऊब देते ती तंतूंमध्ये अडकलेली हवा. मोकळी हवा तापली की हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी थंड हवा येते आणि हे रहाटगाडगे उष्णता वाहून नेत राहते. लव, लोकर किंवा पिसांचे बारीक तंतू हवेचे हे फिरणे थांबवतात. जागच्या जागी अडकलेली हवा उष्णतेला सहज पलीकडे जाऊ देत नाही. थंड प्रदेशातल्या प्राण्यांची लव दाट आणि बारीक का असते, पक्षी थंडीत पिसे फुलवून का बसतात आणि जमिनीवर पडलेला भुसभुशीत बर्फ खालच्या रोपांना गारठ्यापासून कसा वाचवतो, या सगळ्यांचे उत्तर एकच निघाले.

आपल्याकडची गोधडी याच तत्त्वावर चालते. जुन्या साड्या आणि धोतरांचे थर एकावर एक घालून टाके मारले की प्रत्येक थरात हवा अडकते. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक घातलेले अनेकदा अधिक उबदार वाटतात, तेही यामुळेच. दबून चपटी झालेली कापसाची गादी पिंजून घेतली की ती पुन्हा उबदार होते, कारण पिंजाऱ्याने कापूस वाढवलेला नसतो. त्याने कापसात हवा परत भरलेली असते. आणि कपडे भिजले की ऊब का जाते, याचेही उत्तर इथेच आहे. तंतूंमधली हवा जाऊन तिथे पाणी शिरते आणि पाणी हवेच्या सुमारे २४ पट वेगाने उष्णता वाहून नेते. शिवाय ते वाळताना अंगातली आणखी उष्णता घेऊन जाते. पावसात भिजलेल्या मुलाचे कपडे आधी बदलायचे आणि मग पांघरूण घालायचे, हा घरातल्या मोठ्यांचा आग्रह शास्त्राला धरूनच आहे.

कोणते कापड हवेतला ओलावा किती शोषते, याचेही त्याने वजन करून मोजमाप केले. लोकर तागाच्या कापडापेक्षा जास्त ओलावा शोषते असे त्याला आढळले. तेव्हा सुखवस्तू माणसे अंगाला लागून तागाचे वस्त्र घालत. घाम टिपून घेणारे लोकरीचे फ्लॅनेल आत घालणे आरोग्याला अधिक चांगले, असे तो सांगू लागला आणि स्वतःही तसे वागू लागला. उष्णतेवरील या संशोधनासाठी रॉयल सोसायटीने १७९२ मध्ये त्याला कोप्ली पदक दिले. तो त्या काळचा विज्ञानातला सर्वोच्च सन्मान होता.

भिकारी, सूप आणि चूल

गणवेशाचे कापड ठरले, पण ते शिवणार कोण? म्युनिकच्या रस्त्यांवर तेव्हा भिकाऱ्यांची गर्दी होती. १ जानेवारी १७९० रोजी थॉम्पसनने सैन्याच्या मदतीने शहरातले भिकारी एकाच दिवशी ताब्यात घ्यायला सुरुवात केली. पहिल्या भिकाऱ्याच्या खांद्यावर त्याने स्वतः हात ठेवला. त्यांची नोंद झाली आणि त्यांना एका मोठ्या कार्यशाळेत काम देण्यात आले : सूत कातायचे, कापड विणायचे, सैन्याचे गणवेश शिवायचे. त्या बदल्यात ऊबदार जागा, जेवण आणि मजुरी. मुलांसाठी शाळाही होती. यात सक्ती होती, हे नाकारता येत नाही. पण गरिबाला आधी सद्गुणी करून मग सुखी करण्याऐवजी आधी सुखी केले तर तो आपोआप सुधारतो, असा त्याचा विचार होता. त्या काळात तो नवीन होता.

एवढ्या लोकांना रोज जेवू घालायचे तर स्वस्त आणि पोटभर असे काहीतरी हवे. बार्ली, वाटाणे, बटाटे, व्हिनेगर, मीठ आणि शिळ्या पावाचे तुकडे यांचे ‘रम्फर्ड सूप’ त्यातून जन्मले आणि पुढे युरोपभर अन्नछत्रांत पोहोचले. म्युनिकच्या लोकांना बटाट्याचा तेव्हा तिटकारा होता, म्हणून सुरुवातीला तो गुपचूप शिजवून घोटून घातला जाई. इथे थॉम्पसनची एक चूकही नोंदवायला हवी. सूप दाट झाल्यावर पोट भरते ते पाण्यामुळे, शिजताना पाण्याचेच अन्न बनते, असा त्याचा समज होता. आजच्या आहारशास्त्रात याला आधार नाही. पोट भरल्याची जाणीव आणि पोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्वयंपाकघरात मात्र त्याचा हिशेब अचूक होता. तेव्हा उघड्या जाळावर स्वयंपाक होई आणि बहुतेक उष्णता धुराड्यातून निघून जाई. त्याने विटांची बंदिस्त चूल बांधली, भांडी चुलीच्या तोंडात घट्ट बसवली, हवेच्या मार्गाला झडप बसवली आणि भांड्यांना दुहेरी झाकणे केली. दोन पत्र्यांच्या मध्ये अडकलेली हवा. सशाच्या लवेतले तेच तत्त्व आता झाकणात आले होते. खिडक्यांना दुहेरी काचा लावण्याचा सल्लाही त्याने त्याच कारणासाठी दिला.

पुढे लंडनला गेल्यावर त्याने तिथल्या शेकोट्या दुरुस्त करायला घेतल्या. धुराड्याचा घसा अरुंद केला आणि शेकोटीच्या बाजूच्या भिंती तिरक्या करून उष्णता खोलीत परावर्तित होईल अशी रचना केली. खोली अधिक तापू लागली आणि धूर घरात भरायचा थांबला. ‘रम्फर्ड शेकोटी’ श्रीमंतांच्या घरांत झपाट्याने पसरली. धुराने भरलेल्या खोलीत राहणाऱ्यांच्या डोळ्यांना आणि छातीला काय होते, हे चुलीजवळ आयुष्य काढलेल्या कोणाही बाईला सांगावे लागत नाही. धुराडे दुरुस्त करणे हा आरोग्याचाही प्रश्न होता. या सगळ्या शोधांचे पेटंट त्याने घेतले नाही. ज्याला हवे त्याने बांधावे, अशी त्याची भूमिका होती.

बव्हेरियात त्याला काउंटची पदवी मिळाली आणि त्याने नाव निवडले ते रम्फर्ड. ज्या गावातून त्याला पळून जावे लागले, त्याच गावाचे जुने नाव.

तोफ आणि उकळते पाणी

म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांना भोक पाडण्याचे काम चाले. घोड्यांनी फिरवलेल्या यंत्रावर पितळी तोफ फिरे आणि पोलादी पाते तिला आतून कोरे. कोरताना धातू भयंकर तापतो, हे सगळ्या कामगारांना ठाऊक होते. उष्णता म्हणजे ‘कॅलरिक’ नावाचे अदृश्य द्रव्य असून ते वस्तूत साठलेले असते, असे त्या काळचे बहुतेक शास्त्रज्ञ मानत. रम्फर्डने मुद्दाम बोथट पाते लावले, धातूभोवती पाण्याने भरलेली पेटी बसवली आणि घोडे फिरत ठेवले. अडीच तासांत सुमारे साडेआठ किलो पाणी विस्तवाशिवाय उकळू लागले. बघणाऱ्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले.

त्याचा युक्तिवाद सरळ होता. घोडे फिरत आहेत तोवर उष्णता निघतच राहते, ती संपत नाही. साठवलेले द्रव्य असते तर कधीतरी संपले असते. म्हणजे उष्णता हे द्रव्य नाही, ती एक प्रकारची हालचाल आहे. १७९८ मध्ये हा निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. सगळ्यांना तो लगेच पटला नाही. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर जेम्स जूल याने काम आणि उष्णता यांचे नाते आकड्यांत पक्के केले, तेव्हा रम्फर्डचा अंदाज योग्य दिशेने होता हे सिद्ध झाले.

सगळे अंदाज मात्र बरोबर नव्हते. आळणाने दाट झालेली खीर किंवा सूप वरून थंड दिसते आणि आत जीभ पोळेल इतके गरम असते, याचा त्याला जाच झाला होता आणि कुतूहलही. खिडकीत थंड होत ठेवलेल्या एका मोठ्या नळीतल्या अल्कोहोलमध्ये धुळीचे कण मधून वर आणि कडेने खाली जाताना त्याला दिसले. द्रवात उष्णता अशा प्रवाहांनी पसरते, हे त्याने ओळखले. याला आज आपण अभिसरण म्हणतो. पण तिथून उडी मारून त्याने ठरवले की द्रव आणि वायू स्थिर असताना उष्णता मुळीच वाहून नेत नाहीत. हे चुकीचे होते. ते वाहून नेतात, फक्त फार कमी.

नंतरच्या प्रयोगांत आणखी एक आश्चर्य पुढे आले. गरम पाण्याने भरलेली दोन सारखी पितळी भांडी घेतली, एक उघडे आणि चकचकीत, दुसरे पातळ तागाच्या कापडाने घट्ट मढवलेले. कापडाचे भांडे जास्त वेळ गरम राहायला हवे. झाले उलटे. ते आधी थंड झाले. चकचकीत धातूचा पृष्ठभाग प्रारणाने फार थोडी उष्णता बाहेर टाकतो आणि कापडाचा पृष्ठभाग बरीच जास्त. अंगाला घट्ट चिकटलेल्या पातळ कापडात अडकलेली हवाही नसते. केवळ काहीतरी गुंडाळले म्हणजे ऊब राहते, हा समज त्या दिवशी मोडला. अशाच विचाराने पांढऱ्या रंगातून कमी उष्णता निसटते असे मानून रम्फर्ड हिवाळ्यातही पायापासून टोपीपर्यंत पांढरे कपडे घालून पॅरिसमध्ये फिरे. अंगाच्या उबेच्या बाबतीत कापडाच्या दिसणाऱ्या रंगाने फारसा फरक पडत नाही, हे आज माहीत आहे. पण स्वतःच्या निष्कर्षावर लोक हसतील म्हणून तो थांबणारा नव्हता.

थंडावलेली नाती

१७९९ मध्ये लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन स्थापन झाली, ती प्रामुख्याने रम्फर्डच्या पुढाकाराने. विज्ञानाचा उपयोग सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्यात व्हावा, हा तिचा हेतू. हम्फ्री डेव्ही या तरुण रसायनशास्त्रज्ञाला त्यानेच तिथे आणले. पुढे डेव्हीने मायकेल फॅरेडेला आणले आणि त्या इमारतीतून विजेचे युग सुरू झाले. पण रम्फर्डचे व्यवस्थापकांशी पटेना. हुकूम सोडायची सवय, टीका न सोसण्याचा स्वभाव. १८०२ मध्ये तो लंडन सोडून गेला. उष्णता आणि प्रकाश यांवरील कामासाठी स्वतःच देणगी देऊन रॉयल सोसायटीत सुरू केलेले रम्फर्ड पदक पहिल्यांदा मिळाले, तेही त्यालाच.

पॅरिसमध्ये १८०५ साली त्याने मारी-आन लाव्हाझिए यांच्याशी लग्न केले. आधुनिक रसायनशास्त्राचा जनक मानल्या जाणाऱ्या लाव्हाझिएच्या त्या विधवा. राज्यक्रांतीत त्यांच्या पतीचा शिरच्छेद झाला होता. योगायोग असा की ज्या कॅलरिक सिद्धान्ताला रम्फर्ड खोटा ठरवत होता, त्याचा एक प्रमुख पुरस्कर्ता लाव्हाझिएच होता. हा संसार टिकला नाही. तिला घरात माणसे हवी असत, त्याला शांतता. एकदा तिने बोलावलेले पाहुणे येऊ नयेत म्हणून त्याने फाटकाला कुलूप लावले आणि चिडून तिने त्याच्या आवडत्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले. १८०९ मध्ये दोघे वेगळे झाले. २१ ऑगस्ट १८१४ रोजी पॅरिसजवळच्या ओतॉय येथे रम्फर्डचा मृत्यू झाला. शेवटच्या दिवसांत जवळची म्हणावीत अशी माणसे फार थोडी उरली होती.

एकीकडे मुलाबाळांना सोडून जाणारा, हेरगिरी करणारा, वरिष्ठांची मर्जी राखून कनिष्ठांना तुच्छ लेखणारा हा माणूस. दुसरीकडे शिपायाच्या अंगावरचा सदरा, गरिबाच्या ताटातले सूप आणि घरातली चूल हे विषय विज्ञानाच्या योग्यतेचे आहेत असे मानणाराही तोच. यांतली एक बाजू दुसरीला पुसून टाकत नाही.

घरच्या घरी रम्फर्ड

त्याने उभ्या केलेल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्येच १८९२ मध्ये जेम्स ड्युअर यांनी दुहेरी भिंतीचा काचेचा फ्लास्क बनवला आणि मधली हवा काढून टाकली. निर्वातातून उष्णता हवेपेक्षाही सावकाश जाते, हे रम्फर्डने शंभर वर्षांपूर्वी मोजले होते. काचेला दिलेला चांदीचा मुलामा प्रारण रोखतो. चहा गरम ठेवणारा आपला थर्मास तो हाच.

रम्फर्डचा प्रयोग मात्र आजही कोणत्याही स्वयंपाकघरात करता येतो. एकाच मापाचे, झाकणाचे चार स्टीलचे डबे घ्या. त्यांत सारखेच, सारख्या तापमानाचे गरम पाणी मोजून ओता. एक डबा उघडाच ठेवा. दुसऱ्याला सुती कापडाचे थर, तिसऱ्याला लोकरी मफलर आणि चौथ्याला चुरगाळलेल्या वर्तमानपत्राचे थर गुंडाळा. सर्व आवरणांची जाडी सारखी ठेवा आणि चारही डबे एकाच टेबलावर, पंखा बंद करून ठेवा. अर्ध्या तासाने स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरने तापमान नोंदवा. ताप मोजायचा थर्मामीटर यासाठी वापरू नये, तो फुटू शकतो. गरम पाणी मोठ्यांनीच ओतावे.

नंतर एक आवरण ओले करून प्रयोग पुन्हा करा. मग तेच वर्तमानपत्र चुरगाळण्याऐवजी सपाट आणि घट्ट गुंडाळून पाहा. प्रत्येक वेळी बदल एकच करायचा आणि आकडे वहीत लिहून ठेवायचे. कोणते पांघरूण खरेच उबदार आणि कोणते नुसतेच जड, हे मग कोणाला विचारावे लागणार नाही.